ताराबाई मोडक : बालमंदिराकडून अंगणवाडीकडे

आधुनिक भारतीय भाषांतील शिक्षणविषयक लेखनाचा विचार करताना विद्यापीठे, पाठ्यपुस्तके आणि माध्यमभाषेचा वाद यांनाच सामान्यतः अग्रस्थान मिळते. शाळेच्या उंबरठ्याच्या अलीकडे असलेले अडीच ते सहा वर्षांचे मूल या इतिहासात क्वचितच दिसते. ते रडते, हट्ट धरते, रुसते, अंधाराला भिते, दुसऱ्याच्या हातचे खेळणे ओढून घेते, आणि हे सारे घरातील बायकांनी निस्तरावयाचे किरकोळ प्रकार होत, अशीच दीर्घकाळ समजूत होती. या किरकोळ मानल्या गेलेल्या गोष्टींत मनुष्याच्या सामाजिक जीवनाचा पाया असतो, ही जाणीव ज्या थोड्या व्यक्तींनी मराठी आणि गुजराती या दोन्ही भाषांत रुजविली, त्यांत ताराबाई मोडक यांचे स्थान प्रमुख आहे.

ताराबाईंचे चरित्र त्यांच्या कार्याशी निगडित असलेल्या काही नामांच्या आधारे मांडता येते. बालमंदिर, शिशुविहार, बालवाडी, अंगणवाडी, कुरणशाळा आणि विकासवाडी ही ती नामे होत. ती सर्वच ताराबाईंनी घडविली असे नाही. काही त्यांना गुरुबंधूंकडून मिळाली, काही सहकाऱ्यांच्या सोबतीने रूढ झाली. परंतु त्यांचा क्रम पाहिला म्हणजे एका विचाराची वाटचाल स्पष्ट होते. आरंभी मुलाने एका पवित्र, निराळ्या, सजविलेल्या वास्तूत यावयाचे आहे. शेवटी ती वास्तूच विरघळते आणि शिक्षिका मुलाच्या अंगणात, नंतर त्याच्या गुरांमागे कुरणात जाऊन पोहोचते. भावनांचे शिक्षण आणि समाजाशी नाते जोडण्याचे शिक्षण हे दोन वेगळे विषय नाहीत, हा या वाटचालीचा निष्कर्ष होय. जेथे मूल स्वतःला परके समजते तेथे त्याला संयम शिकविता येत नाही, हे ताराबाईंना ग्रंथांतून पूर्णपणे उमगले नव्हते. त्यासाठी त्यांना वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी मुंबई सोडावी लागली.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. त्यांचे माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिवराव आणि आई उमाबाई यांचे घर प्रार्थना समाजाच्या परिवारातले होते. १८६७ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या या समाजाने एकेश्वरी उपासनेबरोबर स्त्रीशिक्षण, विधवाविवाह आणि जातिभेदनिवारण हे विषय आपल्या कार्यक्रमात घेतले होते. ज्या काळी बहुसंख्य मराठी घरांत मुलीचे शिक्षण अक्षरओळखीपाशीच थांबे, त्या काळी अशा घरात मुलीने पदवीपर्यंत जाणे अशक्य मानले जात नसे. १९१४ मध्ये ताराबाईंनी मुंबई विद्यापीठाची पदवी मिळविली. तेव्हाच्या मराठी समाजात पदवीधर स्त्रिया बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यांच्या पुढील एकाकीपणाचाही काहीसा उलगडा होतो.

विवाहानंतर त्या अमरावतीस गेल्या. पती मोडक हे तेथे वकिली करीत. अमरावती तेव्हा मध्यप्रांत व वऱ्हाड या संयुक्त प्रशासनात होती. नागपूर हे त्याचे मुख्य ठाणे होते, आणि आज छत्तीसगढमध्ये असलेला दुर्ग जिल्हाही त्याच प्रशासनाचा भाग होता. मुंबईच्या सुधारक वर्तुळात वाढलेल्या स्त्रीला हा प्रांत नवा होता. विवाह टिकला नाही आणि १९२१ मध्ये पतिपत्नी विभक्त झाली. लहान मुलगी पदरी असताना एका स्त्रीने स्वतंत्र वाट धरावी, ही गोष्ट त्या काळच्या सुधारकांनाही सहज पचणारी नव्हती. या घटनेचा गाजावाजा ताराबाईंनी कधी केला नाही. मात्र तिचा एक परिणाम त्यांच्या कार्यात दिसतो. घर मोडल्याने मुलाच्या मनावर काय गुदरते, हा प्रश्न त्यांच्यापुढे पुस्तकी राहिला नाही.

काही काळ त्यांनी राजकोट येथील बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्यपदाची जबाबदारी सांभाळली. पद मानाचे आणि वेतन निश्चित होते. काठियावाडातील या वास्तव्यात त्यांची गुजराती भाषेशी ओळख घट्ट झाली, आणि त्याच सुमारास भावनगर येथील एका प्रयोगाची वार्ता त्यांच्यापर्यंत पोहोचली. १९२३ मध्ये त्या स्थिर नोकरी सोडून भावनगरला गेल्या. नानाभाई भट्ट यांनी १९१० मध्ये स्थापन केलेल्या दक्षिणामूर्ती या संस्थेत गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले होते. गिजुभाईही मूळचे वकील. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाची चिंता त्यांना मारिया मॉन्टेसरी यांच्या ग्रंथांपर्यंत घेऊन गेली, आणि त्या ग्रंथांनी त्यांची वकिली सोडविली. पुढील सुमारे नऊ वर्षे ताराबाई या बालमंदिरात गिजुभाईंच्या सहकारी होत्या.

मॉन्टेसरींच्या पद्धतीत भावनांच्या शिक्षणाला कोणते स्थान होते, हे येथे थोडे विस्ताराने पाहणे आवश्यक आहे. ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत मॉन्टेसरींनी आपले पहिले बालगृह उघडले. मुलांना आवरण्यासाठी शिक्षा आणि बक्षीस ही दोन साधने जगभर वापरात होती; मॉन्टेसरींनी दोन्ही दूर सारली. मुलाच्या हाताच्या मापाचे सामान, त्याला उचलता येतील अशा खुर्च्या, त्याला पोहोचतील अशी कपाटे, आणि स्वतःच्या निवडीने काम करण्याची मोकळीक, एवढ्यावर त्यांनी भिस्त ठेवली. प्रत्येक साधन वर्गात एकच असे. दुसऱ्या मुलाच्या हाती ते असेल तर वाट पाहावी लागे, आणि ते वापरून झाल्यावर मूळ जागी ठेवावे लागे. या साध्या व्यवस्थेतून धीर धरणे, हक्क सांगणे आणि हक्क सोडणे ही तिन्ही मुले उपदेशावाचून शिकत. शांततेचा खेळ हा असाच एक प्रकार. सर्व मुले हालचाल थांबवून आसपासचे बारीक आवाज ऐकत, आणि हळू आवाजात आपले नाव पुकारले जाण्याची वाट पाहत. सक्तीची स्तब्धता आणि सर्वांनी मिळून राखलेली शांतता यांतील भेद मुलाला अशा खेळातून कळे.

गिजुभाईंनी हे सारे स्वीकारले, पण जसेच्या तसे स्वीकारले नाही. लहान मुलांना परीकथा आणि अद्‌भुतकथा सांगण्याबाबत मॉन्टेसरींचे मन साशंक होते. गिजुभाईंनी मात्र लोककथा, गाणी, नाट्यप्रवेश आणि भटकंती यांना बालमंदिरात मध्यवर्ती जागा दिली. भारतीय साहित्याच्या अभ्यासकांच्या दृष्टीने ही तडजोड महत्त्वाची आहे, कारण आधुनिक गुजराती बालसाहित्याचा एक मोठा प्रवाह याच निर्णयातून निघाला. भीती, मत्सर, लोभ, फजिती, सुटका या भावना कथेच्या आडोशाने मुलाला सुरक्षितपणे अनुभवता येतात, आणि त्या आपल्या एकट्याच्या नसून सर्वांच्या आहेत हे त्याला कळते. राक्षसाच्या गोष्टीला घाबरून दहा मुले एकमेकांना बिलगतात, तेव्हा भीती ओळखण्याचा आणि समूहाचा आधार घेण्याचा असे दोन्ही पाठ एकाच वेळी होतात. ताराबाईंनी भावनगरात घेतलेली ही शिदोरी त्यांना पुढे डहाणूच्या टेकड्यांवर उपयोगी पडली.

१९२६ मध्ये भावनगर येथे नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. गिजुभाई आणि ताराबाई हे या संघाचे दोन आधारस्तंभ होते. गुजराती शिक्षणपत्रिकेपाठोपाठ पुढे मराठी शिक्षणपत्रिका निघाली आणि तिचे संपादन ताराबाईंकडे आले. या मासिकाचा वाचक विद्वान नव्हता. तो प्राथमिक शिक्षक होता, किंवा दुपारी थोडी उसंत मिळालेली आई होती. त्यामुळे ताराबाईंच्या गद्याला एक विशिष्ट वळण लागले. त्या सिद्धांतापासून आरंभ करीत नाहीत. घरात रोज घडणारी एखादी गोष्ट घेऊन ती मुलाच्या बाजूने कशी दिसते ते उलगडून दाखवितात, आणि मग तत्त्वाकडे येतात. वाक्ये आटोपशीर, संस्कृत परिभाषा बेताची आणि स्वर ठाम परंतु समजुतीचा असतो. स्त्रीने स्त्रीशी बोलावे असा हा स्वर असला, तरी त्यात घरगुती सल्ल्याचा सैलपणा नाही. ज्या गद्यात निबंधकार सामान्यतः वाचकाला शहाणे करावयास निघत, त्या मराठी वैचारिक गद्यात वडीलधाऱ्यांनाच मुलापुढे विद्यार्थी म्हणून बसविणारी ही भूमिका निराळी होती.

बालकांचा हट्ट आणि बालविकास व शिस्त ही त्यांच्या पुस्तकांची नावेच त्यांच्या चिंतनाची दिशा सांगतात. हट्ट हा शब्द मराठीत दोषवाचक आहे, तसाच लाडाचाही आहे. बालहट्ट पुरवावा की मोडावा, एवढाच पर्याय परंपरेने पालकांपुढे ठेवला होता. ताराबाईंच्या विचारसरणीत हट्ट हा प्रथम वाचावयाचा मजकूर ठरतो. मुलाला भूक लागली आहे काय, झोप अनावर झाली आहे काय, त्याचे चालू काम मोठ्यांनी मध्येच तोडले काय, की घरात नव्या भावंडाच्या आगमनाने त्याचे स्थान डळमळले आहे, याचा शोध घेतल्याखेरीज हट्टावर उपाय करणे म्हणजे निदानावाचून औषध देणे होय. शिस्त ही बाहेरून घालावयाची वेसण नसून योग्य परिसरात आतून वाढणारी शक्ती आहे, ही मॉन्टेसरीप्रणीत भूमिका त्यांनी मराठी घराच्या चौकटीत बसविली. मुलाचे सर्व चालू द्यावे, असा तिचा अर्थ नव्हे. दुसऱ्याला इजा करणारे, वस्तूची नासधूस करणारे वर्तन थांबविलेच पाहिजे. मात्र ते थांबविताना मुलाचा पाणउतारा होता कामा नये, हा त्यातील विवेक होता.

भावनगरहून ताराबाई मुंबईस परतल्या आणि १९३६ मध्ये दादर येथे शिशुविहार सुरू झाले. मुलांच्या वर्गाबरोबरच शिक्षिका घडविणारे अध्यापनकेंद्र चालविणे, हा त्यांच्या कार्याचा कायमचा धागा झाला. २३ जून १९३९ रोजी गिजुभाईंचे निधन झाले आणि नूतन बालशिक्षण संघाचा भार मुख्यत्वे ताराबाईंवर आला. त्याच वर्षाच्या अखेरीस स्वतः मॉन्टेसरी भारतात आल्या. महायुद्धामुळे त्यांचा मुक्काम १९४६ पर्यंत लांबला आणि या देशात त्यांच्या पद्धतीला मोठी प्रतिष्ठा लाभली. परंतु याच काळात तिच्याविषयीचा मूळ आक्षेपही तीव्र झाला. साधने महाग, इमारती खास बांधलेल्या, शिक्षिका शहरी, आणि मुले मुख्यतः सुखवस्तू मध्यमवर्गातील. रोमच्या दरिद्री वस्तीत जन्मलेली पद्धती भारतात सुस्थितांच्या दारी येऊन थबकली होती. दादरच्या मुलांना समूहात राहणे शिकविता येत होते. परंतु तो समूह आधीच निवडलेला, एका थराचा, जवळपास एका जातीगटाचा होता. ज्यांच्याशी नाते जोडणे कठीण, ती मुले तेथे नव्हतीच.

महात्मा गांधींच्या नयी तालीमच्या विचारात ही उणीव ठळकपणे पुढे आली. १९३७ च्या वर्धा परिषदेत ही योजना मुख्यतः सात वर्षांवरील मुलांसाठी मांडली गेली होती. जानेवारी १९४५ मध्ये सेवाग्राम येथे तिचा विस्तार होऊन जन्मापासून मृत्यूपर्यंतचे शिक्षण तिच्या कक्षेत आले आणि पूर्वबुनियादी शिक्षणाचा विचार सुरू झाला. या विचारमंथनाशी ताराबाईंचा निकटचा संबंध होता. बालशिक्षण खेड्यात, गरिबाला परवडेल अशा रीतीने उभे करता येईल काय, या प्रश्नाला लेख लिहून उत्तर देणे त्यांना पुरेसे वाटले नाही. २४ डिसेंबर १९४५ रोजी समुद्रकाठच्या बोर्डी या गावी नूतन बालशिक्षण संघाचे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले. बोर्डी तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. १ ऑगस्ट २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात आहे. येथेच अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० चा. बालवयात वैधव्य आलेल्या या शिक्षिकेने पुढील सर्व आयुष्य या कार्यास वाहिले. गुरुशिष्या म्हणून या दोघींचा उल्लेख होतो. परंतु प्रत्यक्षात एकीची योजकता आणि दुसरीची चिकाटी परस्परांना पूरक ठरली, असे म्हणणे अधिक यथार्थ होईल.

केंद्राच्या स्थापनेचे वर्ष लक्षात ठेवण्यासारखे आहे. याच वर्षी उंबरगाव आणि डहाणू या तालुक्यांत वेठबिगारीविरुद्ध वारली आदिवासींचा लढा पेटला होता आणि शामराव व गोदावरी परुळेकर त्याचे नेतृत्व करीत होते. सावकार आणि जमीनदार यांच्यापुढे पिढ्यान्‌पिढ्या वाकलेला एक समाज ताठ उभा राहू पाहत होता. ताराबाईंचा मार्ग लढ्याचा नव्हता आणि या दोन प्रयत्नांची गल्लत करणे अनैतिहासिक ठरेल. तथापि भय ही भावना एखाद्या समाजाच्या हाडीमासी कशी खिळविली जाते, याचे दर्शन दोघांनाही एकाच भूमीवर घडले. कार्यकर्त्यांनी ते प्रौढांच्या जीवनात पाहिले, तर ताराबाईंना ते परक्या माणसाला पाहून पळून लपणाऱ्या चार वर्षांच्या मुलात दिसले.

बोर्डीची मध्यवर्ती बालवाडी व्यवस्थित चालू लागली, परंतु सर्व मुले तेथे आली नाहीत. हरिजनवाड्यातील आणि आदिवासी पाड्यांतील मुले दूरच राहिली. कारणे उघड होती. गावातील जातींमधील अंतर मुलांच्या पायांनाही ठाऊक होते. अंगावर कपडा नव्हता, धाकट्या भावंडांना सांभाळावयाचे होते, आणि नीटनेटक्या वर्गात आपल्याला कोणी हसेल ही धास्ती होती. येथे सुधारकाला दोन सोप्या वाटा उपलब्ध असतात. पालकांच्या अज्ञानाला दोष द्यावा, किंवा मुलांना ओढून आणून पटावर नावे चढवावीत. ताराबाईंनी आणि अनुताईंनी दोन्ही टाळून वर्गच वाड्यात नेला. झोपड्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत, मुलांच्या ओळखीच्या झाडाखाली, आईच्या नजरेसमोर दिवसातील काही वेळ बालशिक्षण सुरू झाले. हीच अंगणवाडी.

या शब्दाची घडण अर्थपूर्ण आहे. मंदिरात जाताना पादत्राणे काढावी लागतात, आणि कोणाला आत घ्यावयाचे हेही कोणीतरी ठरवीत असते. वाडी ही वस्तीही आहे आणि फुलझाडांची बागही. मराठी आणि गुजराती या दोन्ही भाषांत तिचे हे अर्थ परिचित आहेत. अंगण हे तर घर आणि गाव यांच्या सीमेवरचे स्थळ. तेथे मूल घरातही असते आणि समाजातही असते. अंगणात भरणाऱ्या शाळेत मुलाला घराबाहेर पडण्याची किंमत द्यावी लागत नाही. आई दिसते म्हणून रडू लवकर थांबते, शेजारचे मूल ओळखीचे असते म्हणून भांडण लवकर मिटते, आणि शिक्षिका पाहुणी असल्याने मुलांच्या रीतीभाती शिकून घेण्याचे ओझे तिच्यावर येते. ज्या भावनांना शाळेत शिस्तीचा प्रश्न म्हणून पाहिले जाई, त्यांतील कितीतरी परकेपणातून उद्भवलेल्या होत्या, हे येथे प्रत्ययास आले.

१९५७ मध्ये केंद्र बोर्डीहून जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. आता कार्यक्षेत्र मुख्यतः वारली पाड्यांचे होते. येथे अंगणही पुरेसे ठरेना, कारण सहासात वर्षांची मुले सकाळीच गुरे घेऊन रानात जात. त्यांच्यामागे शिक्षिकाही कुरणात गेल्या आणि कुरणशाळा अस्तित्वात आली. पाने, बिया, खडे, शिंपले, काटक्या ही गणनेची आणि वर्गीकरणाची साधने झाली. मॉन्टेसरींच्या चकचकीत लाकडी ठोकळ्यांमागील तत्त्व असे रानच्या वस्तूंत उतरले. खर्चाची बचत हा त्याचा एक लाभ. दुसरा लाभ अधिक खोल होता. ज्या वस्तू मुलाच्या जगात होत्या आणि ज्यांना शहरी दृष्टीने काही मोल नव्हते, त्याच शिक्षणाच्या वस्तू ठरल्याने मुलाचे जगही प्रतिष्ठित झाले. आपण जेथून आलो ती जागा लाजिरवाणी नाही, ही जाणीव समाजाशी नाते जोडण्याची पहिली अट आहे.

मोठी बहीण धाकट्याला कडेवर घेऊन दारात घुटमळते आणि मूल रडू लागताच निघून जाते, ही दुसरी अडचण होती. त्यावर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणण्याचा उपाय योजण्यात आला. हीच विकासवाडी. तान्हे पाळण्यात, मधले बालवाडीत आणि थोरली बहीण वर्गात, अशी ही रचना होती. मॉन्टेसरींनी निरनिराळ्या वयांची मुले एकत्र ठेवण्यावर भर दिला होता. कोसबाडला त्या तत्त्वाने सबंध भावंडांना सामावून घेतले. सात वर्षांच्या मुलीवर लादलेले मातृत्व तिच्याकडून काही तास काढून घेणे, आणि तरीही धाकट्यापासून तिला तोडून न टाकणे, ही त्यातील माणुसकी होती. आंघोळ, केस विंचरणे, नखे कापणे, स्वच्छ पाणी आणि थोडा खाऊ यांनाही तेथे अक्षरांइतकेच स्थान होते. उपाशी आणि खरजेने बेजार झालेल्या मुलाला भावनांवर ताबा ठेवण्यास सांगणे ही थट्टा होय, हे कोसबाडच्या कार्यकर्त्यांना पुरते ठाऊक होते.

या कार्याच्या मर्यादाही नोंदविल्या पाहिजेत. शाळेची भाषा प्रमाण मराठी आणि मुलाची भाषा वारली, हा पेच अंगणात गेल्याने सौम्य झाला, परंतु सुटला नाही. मुलाच्या घराजवळ जाणे आणि मुलाच्या भाषेत शिकविणे या दोन पायऱ्या आहेत. पहिली ताराबाईंनी ओलांडली. दुसरी आजही पुष्कळ ठिकाणी ओलांडावयाची आहे. स्वच्छतेच्या आणि चांगल्या सवयींच्या आग्रहात मध्यमवर्गीय संस्कारांचा अंश होता, असाही आक्षेप घेता येईल. तो सर्वस्वी निराधार नाही. मात्र आपली रीत शिकविण्याआधी समोरच्याच्या अंगणात जाऊन बसण्याची तयारी त्या काळच्या सुशिक्षित समाजात किती विरळ होती, याचे भान ठेवूनच तो घेतला पाहिजे.

१९६२ मध्ये भारत सरकारने ताराबाईंना पद्मभूषण देऊन गौरविले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. अनुताईंनी कोसबाडचे कार्य २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्यांचे स्वतःचे निधन होईपर्यंत चालविले. ताराबाईंच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हे नाव मिळाले. एका गावच्या वाड्यात वापरलेला शब्द अशा रीतीने अखिल भारतीय झाला. पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी, संदर्भसेवा, आरोग्य व पोषणाचे शिक्षण आणि शालापूर्व शिक्षण अशा सहा सेवा या योजनेत आहेत. सहांपैकी शिक्षण ही एक सेवा होय, आणि नोंदवह्या भरण्याच्या धबडग्यात तीच बहुधा मागे पडते. शब्द दूरवर गेला; त्याच्या पोटातील विचार तितका दूर गेला नाही.

त्या विचाराची कसोटी पाहण्यासाठी, कोसबाडहून सर्वस्वी भिन्न असे एक स्थळ विचारात घेणे उपयुक्त ठरेल. ज्या मध्यप्रांतात ताराबाईंचा संसार काही काळ झाला, त्याच्याच पूर्वेकडील दुर्ग जिल्ह्यात, सोव्हिएत सहकार्याच्या १९५५ च्या करारानुसार भिलाई येथे पोलाद कारखाना उभा राहिला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन झाले. कोसबाडच्या टेकडीवर केंद्र स्थिरावत होते, त्याच वर्षांत भिलाईत सेक्टरवार वसाहती बांधल्या जात होत्या. कारखान्याच्या कामावर देशाच्या सर्व भागांतून माणसे आली, त्यांत मराठी कुटुंबेही होती. कोसबाडला समाज जुना होता आणि शाळा नवी. भिलाईत समाजच नवा होता. घरात मराठी, तेलुगू, मलयाळम, बंगाली वा पंजाबी, शाळेत हिंदी किंवा इंग्रजी, आणि कानावर छत्तीसगढी, अशा परिसरात तेथील पहिली पिढी वाढली. आजी-आजोबा दूर, सणवार निराळे, शेजारी अनोळखी. भोवतालच्या ज्या गावांच्या जमिनी प्रकल्पासाठी गेल्या, तेथील छत्तीसगढी मुलांना तर आपल्याच मुलुखात नवखेपण आले.

अशा ठिकाणी आपलेपणा वारशाने मिळत नाही. तो रोजच्या व्यवहारातून घडवावा लागतो, आणि प्रौढांच्या सभासंमेलनांआधी तो मुलांच्या खेळात घडतो. कोणाची भाषा कोणाला कळत नसतानाही पाळी ठरविणे, हरल्यावर रडू आवरणे, नव्या आलेल्याला गड्यात घेणे, ही कामे मुले करीतच असतात. त्यांना जागा, वेळ आणि न हसणारी मोठी माणसे हवी असतात. वसाहतीतील सुस्थित घराच्या मुलाला बालवर्ग मिळाला आणि वसाहतीच्या कुंपणापलीकडील मुलाला मिळाला नाही, तर बोर्डीच्या मध्यवर्ती बालवाडीचाच अनुभव पोलादनगरीतही येणार. म्हणून ताराबाईंच्या चरित्राचा धडा आदिवासी भागापुरता मर्यादित नाही. जेथे जेथे माणसे कामासाठी एकत्र आणली जातात आणि मुले त्यांच्या पाठोपाठ येतात, तेथे तेथे तो लागू पडतो.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षणधोरणाने तीन ते सहा हा वयोगट शिक्षणाच्या औपचारिक रचनेत घेतला आहे आणि भावनिक व सामाजिक विकास ही पायाभूत शिक्षणाची अंगे मानली आहेत. आता या विषयाची परिभाषा विपुल आहे. परंतु परिभाषा आली की पाठ, तक्ते आणि मूल्यमापनही येतात, आणि रागावर ताबा कसा ठेवावा याचा धडा मुलाला घोकावा लागेल हा धोकाही येतो. ताराबाईंनी मुलांकडून असे काही घोकून घेतले नाही. मुलाच्या वागण्यातून त्याची अडचण ओळखावी, आणि ती दूर करण्यासाठी लागेल तितके अंतर शिक्षिकेनेच चालून जावे, एवढा त्यांचा मार्ग होता. मुंबईची पदवी, राजकोटचे प्राचार्यपद, भावनगरचे बालमंदिर आणि दादरचे शिशुविहार एकामागून एक मागे टाकीत त्या स्वतः हे अंतर चालत गेल्या. आज देशभर लाखो केंद्रांच्या पाट्यांवर अंगणवाडी हा शब्द लिहिलेला असतो. त्या पाटीखाली उभे असलेले मूल तेथे स्वतःला पाहुणे समजते की घरचे, हाच प्रश्न ताराबाईंनी बोर्डीच्या वाड्यात विचारला होता.